साडूभाऊंनी मोजलेला रस्ता

हिरव्या दिव्यावरसुद्धा ज्याचा विश्वास नाही असा माणूस साऱ्या मराठवाड्यात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघाला. दिवा हिरवा झाला की अख्खी परभणी सुटते. साडूभाऊ तेवढे एक पाय जमिनीवर टेकवून स्कूटरवर बसून राहतात. मागून हॉर्न वाजतात, कोणी त्यांच्या खानदानाची विचारपूस करतं, पण हे ढिम्म. एकदा मी मागं बसलो होतो, लाज वाटून म्हणालो, अहो हिरवा झालाय. तर मान न वळवता म्हणतात, “आपल्याला हिरवा दिसायलाय, पण आडव्या रस्त्यावाल्याला लाल दिसायलाय का न्हाई, ते कोणी बघितलंय?” आता यातली गंमत अशी की तो दिवा त्यांनीच बसवलेला. त्याचे सेकंदसुद्धा त्यांनीच घड्याळ लावून ठरवलेले. साडूभाऊ आमच्या शहराच्या वाहतुकीचे अभियंता होते.

आमची ओळखच मुळी संशयातून झाली. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्काचे, हे यजमान. आमची सोयरीक जुळायच्या वेळी मुलाची चौकशी करायला सासऱ्यांनी थोरल्या जावयाला पाठवलं. दुसरा कोणी असता तर दोन पाव्हण्यांना विचारून, चहा पिऊन परत गेला असता. हे माझ्या भांड्यांच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडं, दुपारभर उभे होते. मला वाटलं कोणी चोर आहे, माल हेरून ठेवतोय. मी नोकराला सांगून एक मोठं पातेलं आत घेतलं, तेही त्यांनी टिपलं. घरी जाऊन त्यांनी सांगितलं की मुलगा दुपारी गल्ल्यावर झोपत नाही, गिऱ्हाईकाशी गोड बोलतो आणि अनोळखी माणसावर नजर ठेवतो, माणूस भरवशाचा आहे. एकदा त्यांनी मत दिलं की फाईल बंद. त्यानंतर इतक्या वर्षांत त्यांनी माझी फाईल कधी उघडली नाही, आणि हे भाग्य त्यांच्या सख्ख्या भावालाही लाभलेलं नाही.

लोकांना वाटतं, वाहतुकीचा अभियंता म्हणजे केवढा मोठा साहेब, बोट दाखवील तिकडं रस्ता वळत असेल. मलाही वाटायचं. मग त्यांनी एकदा मला आपले अधिकार समजावून सांगितले, आणि मला त्यांची कीवच आली. रस्त्यावर पांढरा पट्टा मारायचा तो यांनी. पट्टा ओलांडणाऱ्याला धरायचं ते पोलिसांनी. पाटी यांची, पण पाटीवर झाडाची फांदी आली तर ती छाटायची परवानगी दुसऱ्या खात्याची. दिवा यांचा, दिव्यातली वीज तिसऱ्याची. यांनी पट्टे मारले रे मारले की नळवाले येऊन बरोबर पट्ट्यावरून चर खणणार. एकदा गाड्या लावायला बंदी असल्याची पाटी रोवायला गेले, तर तिथं पहिली गाडी उभी राहिली ती पाटी घेऊन आलेला टेम्पो. ड्रायव्हर जेवायला गेला तो उन्हं कलल्यावर आला. मग एवढ्या कारभारात यांचं स्वतःचं असं काय, तर अभिप्राय. फाईलच्या शेवटी चार ओळी आणि सही. कुठं वनवे, कुठं थांबा, कुठं ब्रेकर, हे त्या चार ओळींवर ठरायचं. समिती बसायची, बिस्किटं खायची, अभियंत्यांचा अभिप्राय काय आहे एवढं विचारायची आणि उठायची. त्यामुळं सारं गाव आपल्या चार ओळी बिघडवायला टपलेलं आहे अशी साडूभाऊंची पक्की समजूत होती. आणि खरं सांगायचं तर ती फारशी चुकीची नव्हती.

ब्रेकर मागणारा माणूस तर त्यांच्या लेखी आरोपीच. अर्जात लेकरंबाळं, म्हातारेकोतारे, सगळे असायचे; हे अर्ज खिशात घालून स्वतः जागेवर जायचे आणि म्हातारं कुठंय, लेकरू कुठंय म्हणून शोधायचे. एका अर्जावर लहान मुलांच्या सुरक्षेसाठी गल्लीभर सह्या होत्या. साडूभाऊंना तिथं शाळा सापडली नाही. भजी तळणारा सापडला. गाड्या हळू झाल्या की वास गाडीत शिरणार आणि माणसं उतरणार, असा त्याचा बेत. साडूभाऊंनी भजी खाल्ली, पैसे दिले, भजी चांगली असल्याचं त्याला तोंडावर सांगितलं आणि जागेवरच अर्ज नामंजूर केला.

त्यांच्याबरोबर प्रवास करणं म्हणजे शिक्षा. पूर्णेला एका लग्नाला जीप करून निघालो होतो. वाटेत रेल्वेचं फाटक लागलं. गाडी धडधडत गेली, फाटक उघडलं, आणि आमचे साडूभाऊ जीपमधून खाली उतरून रुळावर जाऊन उभे. फाटकवाला ओरडला की साहेब, फाटक उघडलंय, चला. यांनी त्याला विचारलं की दुसरी गाडी नाही हे तुम्ही डोळ्यांनी बघितलं का फोनवर कोणी सांगितलं. तो म्हणाला, फोनवर सांगितलं. “मग ज्यानं सांगितलं त्यानं तरी बघितलं का?” एवढं बोलून त्यांनी आमची जीप हातानं इशारे करत पार केली, मागच्या उसाच्या ट्रॅक्टरलाही पार केलं, आणि मगच येऊन बसले. आम्ही पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. घरी परत येईपर्यंत आक्का त्यांच्याशी बोलली नाही. त्यांना तोही कोणाचा तरी डाव वाटला असावा.

मोजणीच्या बाबतीत तर त्यांचा कोणावरच भरवसा नव्हता. रस्त्यावरून किती वाहनं जातात ते मोजायचं, एका वाहनाला कागदावर एक उभी रेघ, चार झाल्या की पाचवी आडवी. आधीच्या गावी त्यांच्या हाताखालच्या माणसांनी हॉटेलात बसून रेघा मारलेल्या त्यांनी पकडल्या होत्या. तेव्हापासून मोजणी स्वतः करायची, स्वतःच्या डोळ्यांनी. शिवाय त्यांनी नियमच करून घेतला होता की एकदा झालेली मोजणी कोणाच्या सांगण्यावरून पुन्हा करायची नाही, कारण फेरमोजणी मागणाऱ्याच्या पोटात काहीतरी असतंच. हा नियम समितीकडून मंजूर करून घेताना ते टेबलावर हात आपटून बोलले होते म्हणे.

तर दोन वर्षांखाली ते एकाएकी आमच्या घरचा चहा घेईनासे झाले. यायचे, बसायचे, कप पुढं केला की हात जोडायचे. माझी बायको घाबरली, म्हणाली, दाजी कामून रुसले. मला शंका आली ती वेगळीच, की आमच्या रस्त्याची फाईल यांच्या टेबलावर आलेली दिसते. आणि झालंही तसंच. एके संध्याकाळी दुकानात आले, गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबले आणि हळूच म्हणाले, “पाव्हणं, सोमवारी तुमच्या वरच्या गोदामाची किल्ली द्या. खिडकीतून रस्त्याची दोन्ही तोंडं दिसतेत. ही तारीख तुमच्या आक्कालाबी म्हायती न्हाई. तुमाला म्हणून सांगायलोय.” कशाची मोजणी ते त्यांनी सांगितलं नाही. नियमात बसत नव्हतं. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर माझ्या पोटात काहीतरी आहे असं त्यांना वाटलं असतं.

आता माझी बाजू ऐका. माझं दुकान चालतं ते खेड्यातल्या लोकांवर. पेडगावकडच्या काळ्यापिवळ्या जिपा माझ्या पायऱ्यांपाशीच थांबतात. लग्नाची भांडी घेतलेली माणसं हंडे, पराती, पिंप सगळं उचलून सरळ जिपेच्या टपावर चढवतात. पोलीस येऊन अधूनमधून हुसकावतात, कारण कागदावर तिथं थांबा नाही, पण जिपा पुन्हा येतात. त्याआधी पलीकडच्या रस्त्याची अशीच मोजणी होऊन तो वनवे झाला होता, आणि तिथल्या कापडवाल्याकडं आता माशा बसतात. मला वाटलं, झालं, आता आपला नंबर. गर्दी जास्त दिसली की वनवे होणार. मी रात्रभर तळमळलो आणि सकाळी शेजारच्या बांगड्यांच्या दुकानातल्या चाचांना सगळं सांगून टाकलं. चाचांनी दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “फिक्र नका करू, सोमवारी रस्ता खाली ठेवू.” दुपारपर्यंत सगळ्या जीपवाल्यांना, ऑटोवाल्यांना, हातगाडीवाल्यांना निरोप गेला.

सोमवारी साडूभाऊ दिवस उजाडताच आले. वर जाऊन एक पिंप पालथं घातलं, त्यावर बसले, मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागद, खिशात चार पेन्सिली. आणि रस्त्यावर काय, तर कुत्री. जणू कोणी शहर बंद पुकारलंय. तासाभरानं त्यांनी जिन्यातून खाली डोकावून विचारलं, “आज कोणी मोठं माणूस वारलं का?” मी नाही म्हणालो. थोड्या वेळानं विचारलं, अमावास्या आहे का. मग पेट्रोल संपलंय का. मग कुठं पूल खचलाय का. त्या दिवशी त्यांनी पंचांगावर, पेट्रोलपंपावर, सरकारवर, हवामानावर, सगळ्यांवर शक घेतला. खाली गल्ल्यावर बसलेल्या माणसाकडं त्यांचं लक्षच गेलं नाही. दुपारी एक बैलगाडी कडबा घेऊन गेली. तिला कोणी निरोप दिला नव्हता. त्यांच्या पुस्तकात एक बैलगाडी म्हणजे कागदावर बऱ्याच मोटारी. त्यांनी मला वर बोलावून ते कौतुकानं समजावून सांगितलं. मी मान डोलावली आणि मनात त्या बैलांना शिव्या दिल्या.

महिन्याभरानं हुकूम निघाला. चाचांनीच वाचून दाखवला. आमच्या रस्त्यावर खेड्यांच्या वाहनांसाठी अधिकृत थांबा करावा, पट्टे मारावेत, सामान चढवायला जागा सोडावी, असा प्रस्ताव होता. परंतु प्रत्यक्ष मोजणीत पुरेशी वाहनं आढळली नाहीत, सबब थांब्याची आवश्यकता नाही, वाहनांनी गावाबाहेर नव्या पुलापलीकडं थांबावं. म्हणजे जी गर्दी दाखवायची होती तीच आम्ही लपवली होती. साडूभाऊ आमच्या भल्याचीच मोजणी करत होते, आणि पक्षपात नको म्हणून तोंड मिटून होते. चाचांनी कागदाची घडी केली आणि माझ्याकडं न बघता आपल्या बांगड्या लावत बसले.

पुलापलीकडं आता स्टीलची दोन नवी दुकानं झालीत. माझ्याकडं शेजारपाजारचे लोक वाटी-चमचा घ्यायला येतात, लग्नाची भांडी कोणी नेत नाही. साडूभाऊ हुकूम निघाल्यावर धावत दुकानी आले होते. त्यांचं तोंड उतरलं होतं. त्यांनी फेरमोजणीसाठी अर्ज केला होता, पण समितीनं त्यांचाच नियम त्यांच्यापुढं ठेवला. शिवाय वरून विचारलं म्हणे, की त्या रस्त्यावर आपले कोणी नातेवाईक आहेत का. साऱ्या नोकरीत त्यांच्यावर शक घेतला गेला तो त्या एकाच वेळी, आणि तोही माझ्यापायी. त्या महिन्याच्या शेवटी ते निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात त्यांनी म्हणे एवढंच सांगितलं की एका मोजणीत माझ्या हातून चूक झाली.

हे ऐकल्यावर मला अन्न गोड लागेना. दुकानाचं जे व्हायचं ते झालं, पण या माणसानं आयुष्यभर रेघ न् रेघ खरी मारली आणि शेवटी माझं पाप स्वतःच्या नावावर लिहून घेतलं. एका सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. ते ओसरीवर पेपर वाचत होते. मी बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. गोदामाची किल्ली, चाचा, जीपवाल्यांना गेलेला निरोप, सगळं सांगितलं. मला वाटलं आता हा माणूस उठून मला घराबाहेर काढणार, आणि काढावं असंच वाटत होतं.

साडूभाऊंनी पेपर बाजूला ठेवला आणि माझ्याकडं बघून हसले. म्हणाले, “पाव्हणं, माझ्या मनाला लागलंय म्हणून एवढं खोटं बोलायलात व्हय. तुमी लय भले हात.”

मी चाचांची शपथ घेतली, लेकरांची घेतली. म्हणालो, वाटलं तर चाचांना विचारा, जीपवाल्यांना विचारा, सगळ्या गावाला ठाऊक आहे. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“न्हाई विचारणार. नोकरीत सगळ्यांना विचारलं. एक माणूस न विचारता ठेवलाय, त्यो तसाच राहू द्या.”

आतून आक्कानं विचारलं, कोण आलंय. साडूभाऊ म्हणाले, आपल्या घरचेच आहेत.