नोराबाई घरी आराम करतायत

जयवंती राऊतचा आवाज निर्मळच्या तळ्याच्या या काठावरून त्या काठाला पोचतो, असं तिचा नवरा रमेश म्हणतो. तो वालीवच्या कारखान्यात लेथ मशीनवर आयुष्य काढलेला माणूस, त्यामुळे आवाजाच्या बाबतीत त्याचा शब्द मानावाच लागतो. तुळिंजच्या बाजारात केळीची पानं आणि अळूच्या जुड्या घेऊन ती बसली की आजूबाजूच्या भाजीवाल्यांना ओरडायची गरज उरत नाही, गिऱ्हाईक आपोआप त्या बाजूला वळतं. अशी ही बाई त्या जानेवारीत गप्प झाली होती. शुक्रवार गेला, शनिवार गेला, वाडीत पानं कापायची राहिली आणि घरात कुणाला शिवीसुद्धा पडली नाही.

कारण होती तिची धाकटी, ज्ञानदा. पोरगी आयर्लंडला शिकायला गेलेली, समुद्रातल्या शेवाळावर काहीतरी मोठं शिक्षण. शेवाळच बघायचं तर विमानात कशाला बसायचं, वाडीमागच्या बावखलात पाणी कमी आणि शेवाळच जास्त आहे, असं जयवंतीनं आधीच सुनावलं होतं. तरी पोरगी गेली. गॉलवे शहरात खोली मिळेना, तेव्हा कॉलेजातल्या कुणीतरी शहराबाहेरच्या एका खेड्यात नोरा गेराटी नावाच्या म्हातारीकडे तिची सोय लावून दिली. नोरा ऐंशीच्या घरातली, नवरा गेलेला, दोन्ही मुलगे ऑस्ट्रेलियात.

रोज संध्याकाळी ज्ञानदाचा फोन यायचा आणि जयवंती दुधी किसता किसता ऐकायची. तिकडे बसमधून उतरताना माणसं ड्रायव्हरला थँक्यू म्हणतात. समोरून अनोळखी गाडीवाला आला तरी स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून ओळख देतो. कुणी चहा विचारला की आधी नको म्हणायचं, पुन्हा विचारलं की पुन्हा नको, तिसऱ्यांदा मात्र हो.

"मंग ते आपल्यासारखेच की गं," जयवंती म्हणाली. "नको म्हनायचं आनि कप पुढं करायचा."

एवढ्या मोठ्या बाईला पोरगी नुसतं 'नोरा' म्हणते, हे मात्र तिला मुळीच पटलं नाही. 'आजी' म्हटलं की नोरा चिडते, असं ज्ञानदानं परोपरीनं सांगितलं. शेवटी जयवंतीनं आपल्यापुरतं 'नोराबाई' ठरवून टाकलं.

खरा भडका उडाला तो नोव्हेंबरात. तिकडच्या गावातल्या रेडिओवर रोज सकाळी, कोण कोण वारलं त्यांची नावं वाचतात. नोराबाई ती न चुकता ऐकायची आणि त्या वेळी घरात चमचा वाजवायचीही सोय नव्हती. नाव ओळखीचं निघालं, निदान ओळखीच्याच्या ओळखीचं निघालं, तरी बाई कोट चढवून निघाली. त्या दिवशी तिनं ज्ञानदालाही नेलं. मयत घरात, बैठकीच्या खोलीत उघड्या पेटीत ठेवलेलं. लोक तिथेच उभे राहून सँडविच खात होते, मेलेल्याचे किस्से सांगून हसत होते. घरच्यांचा हात हातात घेऊन, तुमच्या दुःखाचं वाईट वाटतं, एवढंच म्हणायचं आणि पुढे सरकायचं. ज्याला जन्मात पाहिलं नाही त्याच्या बायकोचा हात ज्ञानदा धरून आली होती.

"मढं पुढ्यात, आनि तू खाल्लंस?" जयवंतीचा आवाज तळ्यापलीकडे गेला.

"एकच खाल्लं, आई. दोनदा नको म्हटलं होतं."

"परत मेलेल्याच्या घरात पाय ठेवलास तर माझ्याशी बोलू नको. कबूल कर."

ज्ञानदानं कबूल केलं. पण त्यानंतर ती तिकडच्या गोष्टी हातचं राखून सांगू लागली. जयवंतीला हे कळत होतं, बोचतही होतं. पण बोललेला शब्द मागे घेणं तिच्या रक्तातच नव्हतं.

आणि मग वादळाची बातमी आली. गुरुवारी ज्ञानदा घाईघाईत बोलली. सरकारनं लाल इशारा दिलाय, कुणी घराबाहेर पडायचं नाही, नोरानं मेणबत्त्या काढून ठेवल्यात, मी बॅटरी वाचवते. फोन ठेवला तो ठेवलाच. आपल्याकडच्या बातम्यांत ते वादळ अर्धा मिनिट दिसलं, उडालेलं एक छप्पर आणि आडवा पडलेला एक ट्रक. कॉलेजानं कळवलं की त्या भागातली वीज आणि मोबाईलचे टॉवर दोन्ही गेलेत, रस्त्यांवर झाडं पडलीत, काही कळलं की सांगू. गॉलवेतल्या तिच्या मैत्रिणींनाही पत्ता नव्हता. जयवंती फोन हातात घेऊन पडवीत बसून राहिली. माझ्याशी बोलू नको, हे आपणच म्हटलं होतं, हे तिला राहून राहून आठवत होतं.

रविवारी दुपारी थोरल्या कौस्तुभला तो रेडिओ आठवला. कौस्तुभ गोरेगावच्या एका कंपनीत दिवसभर फोनवर इंग्रजीत तक्रारी ऐकतो, त्यामुळे इंग्रजीच्या बाबतीत घरात त्याच्यापुढे कुणी बोलत नाही. त्यानं मोबाईलवर ते स्टेशन शोधून काढलं. आवाज मध्येच अडकायचा, मध्येच धावायचा, आणि बोलणाऱ्याचे उच्चार असे की कौस्तुभच्याही कपाळाला आठ्या पडल्या.

"काय म्हनतो?" जयवंतीनं विचारलं.

"थांब ना, आई. झाडं, रस्ते, शाळा बंद..." रेडिओ पुन्हा अडकला. पुन्हा सुरू झाला तेव्हा कौस्तुभनं एकदम हात वर केला. "नोरा गेराटी! नाव घेतलं त्यानं!"

जयवंती फोनवर वाकली.

"रिपोझिंग ॲट हर होम," कौस्तुभ म्हणाला आणि त्याचा चेहरा उजळला. "आई, रिपोज म्हणजे आराम. नोराबाई घरी आराम करतायत! वादळानंतर म्हाताऱ्या माणसांची खबर देत असतील. म्हणजे घर शाबूत आहे. म्हणजे ज्ञानूपण ठीक आहे!"

जयवंतीचा आवाज परत आला. रविवारीही पाळीवर गेलेल्या रमेशला तिनं कारखान्यात फोन करून एवढ्या मोठ्यानं सांगितलं की फोनची गरजच नव्हती. देवापुढे दिवा लावला, कौस्तुभच्या आवडीचा कांद्याचा झुणका करायला घेतला. दोन कांदे चिरले आणि तिसऱ्या कांद्याला तिचा हात थांबला.

नोराबाई आराम करतेय, तर पोरगी फोन का करत नाही? आणि हा रेडिओ कोणता? हा तोच ना, ज्यावर नोराबाई रोज मेलेल्यांची नावं ऐकते?

कांदे तसेच टाकून ती कौस्तुभपाशी आली. त्याचा फोन उचलला, त्याला दंडाला धरून उठवलं आणि कुंपणापलीकडे लूर्डसच्या घरी नेलं. लूर्डस कुवेतच्या इस्पितळात नर्स म्हणून वर्षानुवर्षं काम करून आलेली, आता चर्चमध्ये मिस्साच्या वेळी वाचन करते. तिच्या नि जयवंतीच्या वाडीची हद्द एक आणि भांडणं शंभर, पण अडल्यावेळी दोघी एकमेकींचीच दारं ठोठावतात.

दिवेलागणीला तिकडे दुपार झाली आणि नावं पुन्हा वाचायला सुरुवात झाली. लूर्डसनं चष्मा लावला, फोन टेबलावर ठेवला आणि कौस्तुभला बोटानं गप्प केलं. या वेळी झाडं नव्हती, रस्ते नव्हते. एक माणूस सावकाश, एकाच सुरात, नाव, गाव आणि चर्च एवढंच सांगत होता. दर नावाला जयवंतीची मूठ आवळत होती. आणि मग तिच्या मनात आलं, ज्ञानदा हे नाव या माणसाला उच्चारताच येणार नाही. त्यानं घेतलं आणि आपल्याला कळलंच नाही तर?

"नोरा गेराटी," माणूस म्हणाला.

लूर्डसनं ऐकलं, मान खाली घातली आणि कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावून क्रूसाची खूण केली.

"रिपोझिंगच म्हणाला ना, आंटी?" कौस्तुभचा आवाज चिरकला.

"अरे पोरा, मयत दर्शनाला ठेवलंय, असा त्याचा अर्थ. उद्या मिस्सा आहे, मग दफन." लूर्डसनं जयवंतीचा हात धरला. "नोराबाई गेल्या गं."

जयवंतीच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे की, चला, आपलं नाव नाही. सुटलो. आणि ते मनात येताक्षणी तिला स्वतःची शिसारी आली. ज्या बाईनं आपल्या पोरीला घरात घेतलं, तिच्या मरणावर आपण सुटकेचा श्वास टाकतोय. पण हे वाटूनही होत नव्हतं तोवर दुसरी भीती उभी राहिली.

"कशानं गेली? घर पडलं का अंगावर?"

"ते नाही सांगत. अचानक, एवढंच म्हणाला."

रेडिओवरची नावं अजून संपली नव्हती. तिघंही शेवटच्या नावापर्यंत बसून राहिली, कारण उठायची कुणाची छाती नव्हती. ज्ञानदासारखं काही आलं नाही. पण त्यानं जयवंतीचं समाधान होणार नव्हतं. ज्या घरात बाई अचानक जाते, त्याच घरात पोरगी होती. ती कुठे आहे?

"त्याला फोन लाव," ती लूर्डसला म्हणाली.

"कुणाला?"

"त्या रेडिओवाल्याला. मेलेल्यांची नावं सांगतो, तर जित्या मानसाचं पन एक सांगेल."

लूर्डसनं लावला. पलीकडे कुणी बाई होती. लूर्डसनं कुवेतमधलं सगळं इंग्रजी पणाला लावून ज्ञानदाच्या नावाचं एकेक अक्षर तीनतीनदा सांगितलं. बाईनं, आमच्यावर सोडा, म्हणून फोन ठेवला. तोवर रमेश कामावरून परस्पर तिथेच आला होता, दारात उभा राहून ऐकत होता. रेडिओवर एक गाणं झालं, हवामान झालं, गुरांच्या बाजाराचं काहीतरी झालं. मग त्याच सावकाश आवाजात काहीतरी नवीन सुरू झालं आणि लूर्डस भराभर सांगू लागली. नोरा गेराटीच्या घरी राहणारी दियानाडा राऊट, तिची आई जेवांटी भारतात तिची वाट बघतेय, जो कुणी हे ऐकत असेल त्यानं त्या घरी जाऊन निरोप द्यावा. परक्या माणसाच्या तोंडून आपलं मोडकंतोडकं नाव ऐकून जयवंतीनं पदर तोंडात धरला.

मग वाट बघणं आलं. लूर्डसनं चहा केला, त्यावर साय धरली, कप तसेच राहिले. जयवंतीचा फोन वाजला तेव्हा त्यावर कुठलाच ओळखीचा नंबर नव्हता.

"आई, ओरडू नकोस," पलीकडून ज्ञानदा म्हणाली.

जयवंतीनं फोन लूर्डसपुढे धरला. लूर्डसनं फोन स्पीकरवर टाकला. "बोल गं पोरी, ऐकतेय ती."

ज्ञानदा बोलू लागली आणि मागे वारा घोंगावत होता. वादळाच्या रात्री नोरा मेणबत्ती आणायला उठली, खुर्चीत बसली, छातीला हात लावला आणि गेली. फोन बंद, वीज नाही, दारासमोर झाड आडवं. "मी तिच्याजवळ बसून राहिले, आई. इथे मयताला एकटं सोडत नाहीत. सकाळी शेजारी झाड कापत आले. तिच्या मुलांना इतक्यात विमानं मिळत नाहीयेत. दारात घरचं कुणीतरी उभं राहावं लागतं, म्हणून मला उभं केलंय. कालपासून सगळं गाव येतंय. एकेक जण माझा हात हातात घेतो आणि मला म्हणतो, तुझ्या दुःखाचं वाईट वाटतं. मला म्हणतात, आई." तिला रडू आवरेना. "आत्ता एकानं ट्रॅक्टरमध्ये रेडिओ ऐकला. त्यानंच टेकडीवर आणलंय मला, इथेच रेंज आहे. तुला दिलेलं वचन मोडलं मी."

लूर्डसच्या पडवीतल्या बल्बभोवती किडे फिरत होते. रमेशनं जयवंतीकडे पाहिलं.

"आता तिच्यापाशी कोन हाय?" जयवंतीनं विचारलं. आवाज इतका बारीक की कौस्तुभला वाटलं लूर्डसच बोलली.

"ट्रॅक्टरवाल्याची बायको थांबलीय."

"ती शेजारीन. तू जा. घरचं मानूस दारात पायजे."

"आई..."

"जा म्हनते ना. मागून बोलू."

फोन ठेवून जयवंती उठली. कुंपण ओलांडून आपल्या वाडीत आली, विहिरीवरची बादली भरली आणि अंगावरच्या लुगड्यासकट डोक्यावर ओतून घेतली. दूरगावी आपलं माणूस गेल्याची खबर आली की तिच्या माहेरी असंच करतात, ऐकल्या जागेवरून उठून, काही न बोलता. जानेवारीतलं पाणी, तिचे दात वाजायला लागले.

"आई, काय करतेस? सर्दी होईल," कौस्तुभ धावत आला. "आपली कोण लागतात त्या?"

जयवंती दुसरी बादली ओढू लागली. रमेशनं शर्ट काढून जांबाच्या फांदीला अडकवला, तिच्या हातातला दोर घेतला आणि ती बादली आपल्या डोक्यावर ओतली.