उस्मानचाचांचं नाक

उस्मानचाचा माझ्या वखारीत शिरले की आधी पिशवीतून पटाशी काढायचे आणि मग सलाम करायचे. पाडलेल्या घरांची दारं, तुळया, फळ्या विकण्याचा माझा धंदा. वखार नाशिक रोडला. लाकूड जुनं आणि तपकिरी असलं की ते सागवान, अशी माझी सोयीची समजूत. चाचा तंबोरे बनवायचे, त्यांना असली समजूत चालत नसे. फळीच्या टोकाची चकती काढायची, थुंकी लावून त्यातली छिद्रं बघायची, फळी हातावर तोलायची आणि शेवटी ताजी ढलपी नाकाशी धरून डोळे मिटायचे.

"शेठ, हे सागवान नाय, बिबळा हाय. ढलपी पाण्यात टाका, पाणी निळं दिसंल." टाकली, आणि थोड्या वेळानं पाण्यावर खरंच निळसर झाक आली. सागवान घ्यायला आलेलं गिऱ्हाईक शेजारीच उभं होतं. माझा चेहरा पाहण्यासारखा झाला असणार.

"नाव कळल्याबिगर करवत लावायची नाय," हा त्यांचा कायदा. बिननावाचं लाकूड तारा चढवल्यावर कधी दगा देईल सांगता येत नाही, असं ते म्हणत.

एकदा पाडलेल्या दुकानातली एक फळी त्यांनी नाकाशी धरली. तिला रॉकेलचा एवढा भपकारा होता की मी चार हात लांब उभा होतो. चाचा मात्र शांतपणे हुंगत होते. "आज रॉकेलवर चालणारा तंबोरा काय, चाचा?" मी म्हटलं. त्यांनी ढलपी खाली ठेवली.

"वास येत नाय, शेठ. मागं मोठा ताप आला, तवा गेला तो गेलाच. कुणाला बोलू नका."

माझ्या जिभेची मला लाज वाटली. त्या दिवसापासून मी त्यांचं नाक झालो. बघायचं, तोलायचं त्यांनी, हुंगायचं मी. "जुन्या चामड्यासारखा येतोय." "मग सागवान." "काहीच येत नाही." "तुमचं नाक झोपलंय, चहा घ्या, परत हुंगा."

मग एका शुक्रवारी त्यांनी मला घरी बोलावलं. जुन्या नाशकातली एक खोली, भिंतीशी गिऱ्हाईक नसलेले तीन तंबोरे. तंबोरा आता मोबाइलात वाजतो. सकीनाचाची जाऊन तीन वर्षं झाली होती. फळीवर एकच कप होता, माझ्यासाठी त्यांनी शेजारून दुसरा आणला.

मधोमध चाचींची कपड्यांची लाकडी पेटी होती, सटाण्याहून लग्नात आलेली. "जिंदगीभर लोकांच्या घरची लाकडं वळखली. हिच्या पेटीला कधी विचारलं नाय, तू कोण." तिच्या झाकणातून त्यांना शेवटच्या तंबोऱ्याची तबली करायची होती, तबली म्हणजे भोपळ्यावर बसते ती पातळ फळी. तो तंबोरा विकायचा नव्हता. छिद्रं बघून, वजन बघून त्यांना तून वाटत होती. तंबोऱ्याला तिच्यासारखं लाकूड नाही. आता वास तेवढा जुळायला हवा होता.

मी पेटीत डोकं घातलं. "लाकडाचा वास दबलाय, चाचा. शिकेकाईचा येतोय. आणि लवंगेचा. आतून रंधा मारला तर..."

पुढचं बोलायला नको होतं. चाचांच्या हातात रंधा होताच.

"अजून येतो?"

"येतो."

"कसा येतो?"

लाकडाच्या वासाला मी पन्नास शब्द शिकलो होतो, इथे एकही सुचेना. "चाची आत्ता न्हाऊन गेल्यात असा," मी म्हणालो.

त्यांनी रंधा फळीवर ठेवला. "राहू द्या. हिचं नाव नको आपल्याला." मग तोंड फिरवून ते बराच वेळ चहात साखर ढवळत बसले. मला त्यांच्याकडे बघवेना.

तेव्हापासून दर शुक्रवारी मी जातो. दुसरं कुणी त्यांच्याकडे येत नाही. चाचा झाकण वीतभर उघडतात, मी वाकतो. "हाय?" "आहे." ते लगेच झाकण लावतात. मग आम्ही इकडचं तिकडचं बोलतो.

गेल्या चार-पाच शुक्रवारांपासून शिकेकाई नाही, लवंगही नाही. उरलाय तो नुसत्या लाकडाचा वास, स्वच्छ, गोडसर. तूनच आहे ती. चाचांचा अंदाज बरोबर होता.

"हाय?" ते विचारतात.

"आहे," मी म्हणतो.