सिस्टरांची शेवटची पेशंट

सिस्टरांना सगळे सिस्टरच म्हणतात. दूधवाला म्हणतो, घरमालक म्हणतो, सख्खा धाकटा भाऊही म्हणतो, आणि तसं म्हणायचा दुहेरी हक्क फक्त त्या भावालाच आहे. मोठ्या इस्पितळात पुरुषांचा वॉर्ड त्यांच्या ताब्यात होता. निवृत्त होऊन त्या भावाकडे राहायला आल्या, पण ड्यूटी काही अंगावरून उतरली नाही. घरात कुणी शिंकलं की आधी कपाळाला हात, मग मनगटाला, मग "जीभ बघू". भावाला हल्ली शिंक आली तर तो गॅलरीत जाऊन उरकून येतो.

त्यांच्या रात्रपाळीचा दरारा फार. हातात बॅटरी घेऊन त्या राउंडला निघायच्या, आणि पेशंट झोपलाय की नाही याची खात्री त्यालाच विचारून करून घ्यायच्या. झोपेची गोळी चुकू नये म्हणून घोरणाऱ्या माणसाला उठवून त्यांनी ती दिलेली आहे. वर त्यालाच ऐकवलेलं आहे, "वेळेवर झोपत जा."

अशा बाईला धडधाकट माणसांच्या घरात करमायचं कसं? भावाला साधं पित्तही होत नव्हतं. भावजय तर तब्येतीच्या बाबतीत निव्वळ निराशा. सिस्टर दिवसभर खिडकीशी बसून रस्त्यावर कोण लंगडतंय ते बघायच्या. मग एकदा जुन्या मैत्रिणींना भेटायला इस्पितळात गेल्या, आणि धोबीखान्यामागे चादरींच्या ढिगात सापडलेलं मांजरीचं एक मरतुकडं पिल्लू घेऊन परत आल्या.

"दोन दिवस लक्ष ठेवू," म्हणाल्या.

ती मांजरी आता चांगली गुटगुटीत झाली आहे, पण तिला डिस्चार्ज मिळालेला नाही. सिस्टर तिला पेशंट म्हणतात. ती आल्यापासून त्यांची चाल पुन्हा ताठ झाली आणि भावाची जीभ तोंडात राहू लागली.

अडचण एकच होती. पेशंट रात्री झोपत नव्हती. सगळं घर आडवं झालं की थोड्या वेळाने एक लांबलचक, ताणलेलं म्यांव यायचं, मग कपाटावरून उडी, मग खोलीभर धावाधाव. हे एकदा नाही, रात्रीतून चार-पाचदा. खालच्या मजल्यावर घड्याळजी राहायचे. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, दिवसभर एका डोळ्याला भिंग लावून मोहरीएवढे स्क्रू फिरवणारा. ते एका सकाळी वर आले. डोळे दोन्ही तांबारलेले.

"सिस्टर, काल मी एका गिऱ्हाइकाचा तासकाटा मिनिटाच्या जागी बसवला. तो माणूस सकाळी अकराला निघाला आणि सव्वाअकराला त्याची संध्याकाळ झाली."

"तुम्ही रात्री चहा पिता का?" सिस्टरांनी विचारलं.

"मी रात्री तुमची मांजर ऐकतो. पुढच्या पहिल्या तारखेपर्यंत थांबतो. मग घरमालकाच्या कानावर घालणार. भाडेकरारात जनावर ठेवायची परवानगी नाही, ते आजवर काणाडोळा करतात ही गोष्ट वेगळी."

घड्याळजी खाली गेले. सिस्टर मांजरीला मांडीवर घेऊन तिच्या कानामागे बघत बसल्या, तिथे बघण्यासारखं काही नसताना. भावजयीने पाहिलं, की वन्संचे डोळे भरलेत. घाबरून तिने उगाचच स्वतःचं डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. सिस्टरांनी तेवढं बरं वाटून घेतलं, पण गोळी द्यायला विसरल्या. प्रकरण गंभीर होतं.

मग उपचार सुरू झाले. टोपलीत आधी उशी घातली, मग उशी काढून भावाचा लोकरीचा स्वेटर घातला. भाऊ म्हणाला, "सिस्टर, मी अजून वापरतो तो." "तू झोपतोस ना नीट? मग तुला काय गरज?" टोपली खिडकीकडून भिंतीकडे, भिंतीकडून पलंगाखाली गेली. गरम पाण्याची पिशवी आली. पडद्याला आतून जाड कापड लागलं. संध्याकाळी मांजरीला दमवायचं म्हणून भावाला दोरी ओढत घरभर पळवलं, त्यात भाऊ दमला. आणि एवढं सगळं केल्यावर आराम पडतोय की नाही ते बघायला नको का? म्हणून राउंड वाढवले. दर थोड्या वेळाने सिस्टर उठायच्या, बॅटरीचा झोत टोपलीत टाकायच्या, पोटाला हात लावायच्या, स्वेटर सारखा करायच्या आणि हलक्या आवाजात विचारायच्या, "झोपलीस का गं?"

यावर ती मांजरी काय ते उत्तर द्यायची, आणि ते खालपर्यंत ऐकू जायचं.

"बघ," सिस्टर सकाळी भावजयीला सांगायच्या, "प्रत्येक राउंडला जागी सापडते. डोळ्याला डोळा नाही बिचारीच्या."

महिना संपत आला तशी सिस्टरांनाच सर्दी झाली. त्यांनी स्वतःचीच जीभ आरशात तपासली, गोळी घेतली आणि सकाळपर्यंत गाढ झोपल्या. उजाडता उजाडता दार वाजलं. घड्याळजी. भावजयीला वाटलं, आता हे थेट घरमालकाकडेच निघाले.

"मांजर आहे ना?" घड्याळजींनी दबक्या आवाजात विचारलं. "नाही म्हणजे, रात्रभर हूं की चूं नाही. मी तारखेचं बोलून गेलो, तेव्हा सिस्टरांनी काही भलतंसलतं तर नाही ना केलं? या काळजीने मला झोप नाही लागली."

भावजयीने टोपलीकडे बोट दाखवलं. मांजरी चारी पाय वर करून, पोट उघडं टाकून झोपली होती. भावजयीने टोपलीकडे पाहिलं, मग रात्रभर न पेटलेल्या बॅटरीकडे पाहिलं, आणि तिला हसू आवरेना. सिस्टर उठून बाहेर आल्यावर तिने सांगून टाकलं.

"वन्सं, पेशंट झोपते हो. तुम्हीच उठवता तिला."

सिस्टरांनी आधी हे हसण्यावारी नेलं. मग घड्याळजींकडे पाहिलं, तर तेही मान हलवत होते. त्या खुर्चीत बसल्या.

"म्हणजे मी त्रास देते?"

घड्याळजींनी नजर टोपलीकडे वळवली.

"माझ्या वॉर्डातले पेशंट इतरांपेक्षा लवकर बरे व्हायचे. विचारा कुणालाही."

"घरी जाऊन झोपायची घाई असायची त्यांना," भाऊ म्हणाला.

हे त्याने आयुष्यात पहिल्यांदा बोलून दाखवलं, आणि बोलल्याबरोबर गॅलरीत गेला. सिस्टर मात्र चिडल्या नाहीत. त्यांनी घड्याळजींना एवढंच विचारलं, "ती रात्रभर गप्प राहिली तर राहू द्याल?"

"सिस्टर, माझी काही तिच्याशी दुश्मनी नाही."

"मग मी नाही उठणार."

बोलणं सोपं होतं. त्या रात्री सिस्टरांनी बॅटरी भावजयीच्या ताब्यात दिली आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. राउंडची वेळ झाली तशी पायांना वळवळ सुटली. स्वेटर घसरला असेल. पिशवीतलं पाणी गार झालं असेल. त्यांनी पलंगाची कड घट्ट धरून ठेवली. ज्या बाईने अख्ख्या वॉर्डाला दोन तास सलग झोपू दिलं नाही, तिला एका मांजरीला सुखाने झोपू देणं काही केल्या जमेना. तरी त्या उठल्या नाहीत. पहिल्या तारखेला घड्याळजी मिनिटकाट्याच्या जागी मिनिटकाटाच बसवून घरी आले आणि घरमालकाचं नाव कुणी काढलं नाही.

पण ती न उठण्याची पहिली रात्र काही सुनी गेली नाही; मांजरीला इतक्या दिवसांची सवय. ठरल्या वेळी कुणी फिरकलं नाही, तेव्हा तीच टोपलीतून उतरली, चोरपावलांनी पलंगावर चढली, सिस्टरांच्या छातीवर बसली आणि नाकाला नाक लावून श्वास चालू आहे का ते पाहिलं. कपाळावर एक पंजा ठेवला. सिस्टरांनी डोळे गच्च मिटून झोपेचं सोंग घेतलं. थोड्या वेळाने ती परत आली. मग पुन्हा.

सकाळी भावजयीने चहा पुढे केला. "वन्सं, डोळे का ओढलेत असे?"

सिस्टरांनी रात्रीची सगळी हकिकत सांगितली.

"मग आता कळलं ना, पेशंटचं काय होतं ते?"

"मला काय कळायचंय त्यात?" सिस्टर म्हणाल्या. "हात चांगला आहे तिचा, पण नाडी बघायची सोडून नुसतीच छाती तुडवते. नवीन आहे. शिकवावं लागेल."

आणि चहा तसाच ठेवून त्या टोपलीकडे गेल्या. मांजरी रात्रपाळी करून झोपली होती. सिस्टर तिच्याकडे बराच वेळ बघत उभ्या राहिल्या, आणि पुढे झालेला हात त्यांनी मोठ्या कष्टाने पाठीमागे नेला.