तापाचा खाडा

आमच्या नसरापुरात खाडा म्हणजे काय हे दुधामुळे पोराटोरांनाही ठाऊक. दूध घेतलं नाही त्या दिवशी कॅलेंडरवर फुली आणि महिनाअखेरीला तेवढे पैसे वजा. मी घरातल्या पुढच्या खोलीत पाळणाघर सुरू केलं, तेव्हा आयांनी माझ्याही नावाने फुल्या मारायला सुरुवात केली. पहिल्याच वर्षी भाताच्या लावणीला निम्मी पोरं वेल्ह्याकडे आजोळी गेली, ती तीन आठवड्यांनी परतली. मदतीला येणाऱ्या बाईंचा पगार मात्र मला द्यावाच लागला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी दारावर कागद चिकटवला : पोर येवो न येवो, महिना पूर्ण. त्याखाली दुसरा नियम : ताप असल्यास पोराला आणू नये. दोन्ही नियमांत मला भारी शहाणपणा वाटत होता.

शिवऱ्याजवळच्या एका कंपनीत पॅकिंगला जाणाऱ्या बाईची चार वर्षांची मुलगी माझ्याकडे असायची. एका सकाळी आईने तिला दारातच सोडलं आणि शेअर रिक्षा पकडायला ती पळाली. मुलगी डबा कवटाळून कोपऱ्यात बसली. मी जवळ गेले, तर काही विचारायच्या आतच म्हणाली, "मला ताप न्हाई."

कपाळ गार होतं, पण तोंडाला औषधाचा गोडसर वास येत होता. अकराच्या सुमाराला ती तापाने फणफणली. आईला किती फोन केले, पण कंपनीत मोबाईल गेटवरच जमा करून घेतात. शेवटी बाकीची पोरं मदतीच्या बाईंवर सोपवून मीच तिला डॉक्टरांकडे नेलं. माझा राग तसा नाकावरच असतो. दुपारभर पट्ट्या बदलताना, आईला काय काय सुनवायचं याची मी उजळणी करत होते.

संध्याकाळी ती आली आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. "एवढ्याशा पोरीला खोटं बोलायला शिकवतेस?"

तिने मुलीला खांद्यावर घेतलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काकू, म्या घरी ऱ्हायले की कंपनीत माझा खाडा पडतो. पोरीचा खाडा तुमी धरत न्हाई. दोन्हीकडनं माझंच जातंय. मंग पोरीनं आजारी पडायचं तरी कवा? फकस्त गुरुवारी?"

गुरुवारी कंपनीला सुट्टी असते. खोटं तिनेच शिकवलं होतं, पण त्यातला निम्मा धडा माझ्या दारावर चिकटवलेला होता. मला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी कागद बदलला. लावणीला, जत्रेला, लग्नाला गेलात तर महिना पूर्ण. आजारपणाचा खाडा मात्र धरला जाईल. भोरला ऑफिसात जाणाऱ्या एका आईने विचारलं, "आणि कुणी खोटंच आजारपण सांगितलं तर?" "सांगू देत," मी म्हणाले.

महिन्याभराने सकाळीच पॅकिंगवालीचा फोन आला. "काकू, पोरीला ताप हाय. आज आणत न्हाई."

मी खूश झाले. "बरं केलंस. पोरीचा खाडा धरते हो!"

"तुमी धरला, लई झालं," ती म्हणाली. "कंपनीत माझा पडायचा त्यो पडलाच."

ती मनापासून आभार मानत होती, आणि तेच मला लागलं.