सुमनच्या गोळ्यांचे दोन वाटे

मैत्रिणींनो, आज दुपारपासून मला काही सुचत नाहीये.

आमच्याकडे पंधरा वर्षं स्वयंपाक करणाऱ्या सुमनला टीबी झालाय. दोन महिने औषध चालू असूनही वजन उतरतंय, म्हणून सकाळी तिला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले होते.

"गोळ्या रोज घेतीस न्हवं?" नर्सनं विचारलं.

"एक दिवस मी, एक दिवस माझी जाऊ," सुमन म्हणाली. "तिलाबी खोकला हाय. पर तिच्या पोरीचं लगीन ठरलंय. कळलं तर मोडंल की!"

"अगं बया, अशानं दोघींनाबी औषध लागू पडायचं न्हाय! तिला घेऊन ये. तपासल्याबिगर गोळ्या देता येत न्हाईत, आणि हितं तुझ्यापुरत्याच कशाबशा आल्यात."

"ती यायची न्हाय. तुम्ही घरी आला तर गल्लीला कळंल."

मला आठवलं, लहानपणी आमच्या कॉन्व्हेंट शाळेत लस टोचून झाली की नन हातावर पेपरमिंट ठेवायच्या. आजाराची भीती तिथंच संपायची.

बाहेर आल्यावर मी सुमनला म्हटलं, "यापुढे सगळ्या गोळ्या तूच घे."

ती म्हणाली, "वैनी, एका चुलीवरचं खातो आम्ही. तिच्या डोळ्यांदेखत मी एकटीनं कशा घेऊ?"

मैत्रिणींनो, तुम्ही तिला काय सांगितलं असतं?