हेस्टर मेब्रीची मुलगी

ओझेला शाळेच्या स्वयंपाकघरात पाव भाजायची, आणि तिच्या तोंडाला सहसा कुणी लागत नसे. एखाद्या पोराने ताट बघून नाक मुरडलं की ती पळी उगारून म्हणायची, "खायचं तर खा, नाहीतर घरी जाऊन आईला सांग, ओझेलाने उपाशी ठेवलं म्हणून. बघ ती कुणाच्या बाजूने बोलते." पोरगं मुकाट्याने खायचं, वर आणखी एक पाव मागायचं. आमच्या लॉफर्टी काउंटीत तिच्या हातचा पाव न खाल्लेला माणूस शोधावा लागेल.

नवीन माणूस भेटला की ती नाव सांगायची आणि त्याच श्वासात जोडायची, "हेस्टर मेब्रीची मुलगी." कुणी विचारलेलं नसायचं. तरी सांगायची. सत्तावन्न वर्षांची बाई, नवऱ्याला पोचवून आलेली, स्वतःला मूलबाळ नाही, आणि ओळख काय तर आईची! बाहेरच्यांना गंमत वाटायची. आम्हाला वाटत नसे, कारण आम्हाला माहीत होतं.

ती जन्माची मेब्री नव्हतीच. तिची जन्मदाती आई टॉलिव्हरांपैकी. तिने तीन वर्षांची पोर हेस्टरच्या ओसरीवर आणून बसवली आणि म्हणाली, "नाताळापर्यंत सांभाळ. शिकागोला बस्तान बसलं की येऊन नेते." नाताळ आला, गेला, पुढचाही गेला. हेस्टर बिनलग्नाची, गोऱ्यांच्या घरचे कपडे धुऊन इस्त्री करणारी, हात सदा साबणात. पोर काही तिने मागितली नव्हती. पण एका रविवारी माउंट मोरायाच्या देवळात पाद्रीबुवांनी विचारलं, "हे लेकरू कुणाचं म्हणायचं?" तशी ही उभी राहिली. "माझं. आणखी कुणाचं?" बुवा म्हणाले, ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करा. सगळ्या बाकांवरून हात वर गेले. झालं, पोर हेस्टरची झाली.

आम्हा काळ्या माणसांत असंच चालायचं. कोर्टाची पायरी आमच्या माणसांनी आपण होऊन कधी चढली नाही. जो चढला त्याला दोघांनी दंड धरून चढवलेला असायचा. त्यामुळे मृत्युपत्र नाही, दत्तकाचा कागद नाही. म्हाताऱ्याने जेवणाच्या टेबलावर सांगायचं, हे शेत याचं, ती गाय तिची, आणि सगळ्यांनी मान डोलवायची. याने पुढे किती घरांची धूळधाण झाली ते सांगत बसलो तर ओझेलाची गोष्ट राहून जाईल.

शाळेत एका पोरीने तिला "टाकलेली" म्हटलं. ओझेला रडत घरी आली. हेस्टरने इस्त्री बाजूला ठेवली, देवळाची टोपी घातली, देवळाचेच बूट घातले, आणि दाण्याच्या गाडीवाल्याला विचारून त्याच्या शेजारी बसून तालुक्याला गेली. सगळी वस्ती बघत राहिली. कोर्टात! आपल्या पायांनी! संध्याकाळी परत आली ती घामाघूम. टोपी खुंटीला अडकवत म्हणाली, "लिहून आले. आता कुणी काही बोललं तर सांग, कोर्टात जाऊन बघा म्हणावं."

त्या दिवसापासून ओझेलाला टाकलेली म्हणायची कुणाची छाती झाली नाही. आणि ते कोर्टात जाऊन बघायची गरज तिलाही कधी पडली नाही. आईने सांगितलं ना, मग संपलं.

हेस्टर गेली त्या वर्षी भेंडी उशिरा आली होती. शेवटची काही वर्षं तिचं सगळं अंथरुणात. ओझेला तिला भरवायची, पुसायची, वर भांडायची, "आई, तोंड उघड, नाहीतर शाळेतल्या पोरांसारखं खडसावीन." म्हातारी हसायची. घराचा विषय निघाला की म्हणायची, "तुझंच आहे. कागद आहे ना कोर्टात."

मातीला क्लीव्हलंडहून रोस्को आला. रोस्को म्हणजे हेस्टरच्या भावाचा मुलगा. बसगाड्या दुरुस्त करणारा, साधा, मऊ बोलणारा माणूस. वाईट म्हणावं असं त्याच्यात काही नव्हतं, आणि हीच पंचाईत होती, कारण भांडायचं कुणाशी? दुसऱ्या दिवशी दोघं ओसरीवर उकडलेल्या शेंगा खात बसली होती. रोस्को टरफलं एकात एक घालत राहिला.

"झेला, ते मागच्या झाडीतलं लाकूड तोडणारे लोक आहेत ना, त्यांना सगळी जागा हवी आहे. घरासकट."

"असेल हवी. मला स्वर्ग हवाय."

"मी काय म्हणतो, घर कुणाच्या नावावर आहे ते आधी बघायला हवं."

"त्यात बघायचं काय? आईचं होतं, आता माझं."

रोस्को खाली बघून म्हणाला, "कागद दाखव म्हणजे झालं गं. मी गाडी पकडून परत जातो."

तो चिडून बोलला असता तर ओझेलाने त्याला सोलून काढला असता. पण तो इतक्या हळू बोलला की तिने हातातली शेंग न सोलताच खाली ठेवली.

सोमवारी ती कोर्टात गेली. हेस्टरचीच टोपी घालून गेली. वारसाहक्काच्या कचेरीत मिसेस डनवे नावाची गोरी बाई खिडकीशी बसायची. तिने ओझेलाला ओळखलं. "अगंबाई, शाळेतल्या ना तुम्ही? आमचा धाकटा अजून तुमच्या पावांचं नाव काढतो. काय हवंय?"

"माझा दत्तकाचा कागद. आईने केलेला."

मिसेस डनवे म्हणाली, दत्तकाचे कागद मोहोरबंद असतात, न्यायाधीशांना विचारल्याशिवाय हात लावता येत नाही. विचारून ठेवते, गुरुवारी या. ओझेला गुरुवारी गेली. मिसेस डनवे खिडकीतून बोलण्याऐवजी उठून बाहेरच्या बाजूला आली, तेव्हाच ओझेलाने काय ते ओळखलं.

"ओझेलाबाई, मी दोनदा बघितलं. तुमच्या नावाचं दत्तक नाही."

"नीट बघा. ती आली होती. सगळ्या वस्तीने बघितलंय तिला जाताना."

"आल्या असतील. दुसरं काहीतरी केलं असेल. बाकीची पुस्तकं उघडी आहेत, कुणीही बघू शकतं. मागच्या खोलीत या."

मागच्या खोलीत लोखंडी फळ्यांवर ही जाड जाड पुस्तकं आडवी झोपवलेली. मिसेस डनवेने नावांचं पुस्तक ओढून दिलं आणि फोन वाजला म्हणून गेली. ओझेलाने मेब्री शोधलं. मेब्री पुष्कळ होते, हेस्टर नव्हती. पुन्हा शोधलं. मग मधल्या वर्षांतलं शोधलं. डोळे दुखायला लागले, रागही यायला लागला, आणि तो कुणावर काढावा कळेना. शेवटी मिसेस डनवे परत आली आणि तिच्या खांद्यावरून बघून म्हणाली, "तुम्ही चुकीच्या नावाने बघताय. जो अर्ज करतो त्याच्या नावाने नसतं इथे. ज्याच्याबद्दल अर्ज असतो त्याच्या नावाने असतं. तुमचं जन्माचं आडनाव काय?"

ओझेलाने ते आडनाव चाळीस-पन्नास वर्षांत तोंडातून काढलं नव्हतं. लग्नातसुद्धा मेब्रीच सांगितलं होतं. तिने पुस्तकाचं पान उगाचच उलटलं. मिसेस डनवेला वाटलं ऐकू आलं नाही, तिने पुन्हा विचारलं.

"टॉलिव्हर," ओझेला म्हणाली.

टॉलिव्हरमध्ये लगेच सापडलं.

एकच पान होतं. हेस्टर मेब्रीला ओझेला टॉलिव्हर या अज्ञान मुलीची पालक नेमलं आहे. मुलगी सज्ञान झाली की पालकत्व संपेल. खाली नंतरच्या तारखेचा शिक्का, संपलं. मिसेस डनवेने समजावलं की पालक म्हणजे सांभाळणारी, दत्तक म्हणजे आई, दोन्ही वेगळं, आणि पालकत्वाने वारसाहक्क येत नाही. बिचारीने फार जपून सांगितलं.

पण ओझेलाचं लक्ष एका ओळीवर होतं. 'अर्जदाराचं मुलीशी नातं.' पुढे हेस्टरचं अक्षर, मोठं, वेडंवाकडं, दाबून काढलेलं. 'आई.' त्यावर रेघ मारलेली. आणि वर दुसऱ्याच कुणाच्या सफाईदार अक्षरात लिहिलेलं, 'काही नाही.'

"तिला वाचता येत होतं का हो?" मिसेस डनवेने विचारलं.

"स्वतःचं नाव, आणि तो एक शब्द." ओझेला म्हणाली. "वरचं तिला कुणी वाचून दाखवलं नसणार." मग ती तिथल्या स्टुलावर बसली आणि टोपी तोंडावर धरून रडली. पाव खाऊन मोठी झालेली दोन-तीन माणसं दारातून डोकावून गेली. तिला त्याची लाज वाटली नाही.

एका वकिलालाही तिने विचारलं. त्याने नाही म्हणून मान हलवली. घर रोस्कोचं.

रोस्को शनिवारी ओसरीवर आला, पण पायरीवरच थांबला. आत ये म्हटल्याशिवाय तो कधी आत येत नसे. हल्ली तर तोंडही चुकवायचा.

"झेला, कोर्टाला एक साक्षीदार हवाय. आत्याचं मागे-पुढे कोण होतं ते शपथेवर सांगायला. तिला पुष्कळ वर्षं ओळखणारा हवा, आणि..." तो अडखळला.

"आणि काय? बोल की."

"आणि ज्याला त्यातलं काही मिळणार नाही, असा."

ओझेला इतक्या जोरात हसली की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. "अरे वा! म्हणजे मीच की! इतकी वर्षं ओळखते, आणि मिळणार काही नाही. माझ्या हाताने माझंच घर तुझ्या पदरात घालू होय रे?"

"मी तुला सांगायला आलोच नसतो. जुनं कुणी उरलंच नाहीये. तू नाही म्हणालीस तर देवळाचा कारभार बघणारा तो डीकन लुशियस येतो म्हणाला."

"तो काय सांगणार?"

रोस्कोने टोपी काढून हातात फिरवली. "देवळाच्या अंगणात म्हणत होता, हेस्टरचं कुणी नव्हतं. वरकामाला एक पोरगी ठेवली होती, तेवढीच."

ओझेला उठून आत गेली आणि दार आपटलं. बराच वेळ आतून भांडी आदळल्याचा आवाज येत राहिला. रोस्को पायरीवर बसून राहिला. जायचं की थांबायचं त्याला कळेना. मग दार उघडलं.

"सोमवारी गाडी घेऊन ये. त्या लुशियसचा शब्द कोर्टाच्या पुस्तकात जाता कामा नये."

सोमवारी खिडकीशी मिसेस डनवेने हात वर करायला सांगितलं. ओझेलाने केला. हात वर करून खोटं बोलायचं नाही, हे हेस्टरनेच तिला शिकवलेलं. मिसेस डनवे एकेक प्रश्न वाचून उत्तर लिहीत गेली. नवरा? नाही. भावंडं? एक भाऊ, वारला, त्याचा हा मुलगा. रोस्को मागे भिंतीला टेकून उभा होता.

"मयत हेस्टर मेब्री यांना मूल होतं का, स्वतःचं किंवा दत्तक?"

ओझेलाने हात आणखी वर नेला. "तिच्या पोटचं नाही. कोर्टाने दिलेलं नाही."

"म्हणजे नाही असं लिहिते."

"लिहा."

"साक्षीदाराचं मयताशी नातं?"

"मुलगी," ओझेला म्हणाली.

मिसेस डनवेचं पेन थांबलं. "ओझेलाबाई, तसं लिहिलं तर ही साक्ष चालणार नाही. आत्ताच तर तुम्ही सांगितलंत."

"कोर्टाचं विचारलंत, कोर्टाचं सांगितलं. आता माझं विचारलंत. हात वर आहे माझा अजून."

मागून रोस्को म्हणाला, "झेला, राहू दे. आपण दुसरं कुणीतरी बघू."

"तू गप्प बस." तिने मागे वळूनही बघितलं नाही. "मिसेस डनवे, मी सांगते ते आधी लिहा. मग त्यावर रेघ मारा आणि तुम्हाला काय लागतं ते वर लिहा. मी सही करते. मी काही अडवत नाही. पण आधी लिहायचं."

"असं करत नाहीत हो."

"केलंय. मागच्या खोलीत आहे. तुम्हीच काढून दिलंत मला."

मिसेस डनवेने पेन पुन्हा कागदावर टेकवलं. तिने लिहिलं, 'मुलगी.' मग पट्टी घेतली, रेघ मारली, आणि वर लिहिलं, 'काही नाही.' लिहिताना तिने मान खाली ठेवली होती. कागद फिरवून पुढे केला, आणि आधी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, खोडलेलंसुद्धा.

ओझेलाने सही केली. ओझेला मेब्री. मग टोपी सारखी केली आणि रोस्कोला म्हणाली, "चल, पावांचं पीठ भिजवून आलेय मी."