काकांच्या वाट्याची जागा

काकूंचा फोन आला तेव्हा मी देवासच्या ऑफिसात बॅकअपची यादी तपासत होते.

"अगं, त्या डब्याचा दिवा चार दिवस लाल आहे. तेवढा हिरवा करून दे."

डबा म्हणजे फायली साठवायचं यंत्र. धारच्या घरात ते मीच बसवलं आणि पाच जणांना त्यात जागेचे वाटे नेमून दिले. काका रोज सकाळी सहाची पूजा त्यात रेकॉर्ड करत. चुलतभाऊ हिंदी शाळेतला, त्याला पोथीतली मराठी नीट वाचता येत नाही. ऐकून तरी शिकेल, हा हेतू. देवघरातला माइक सहाला आपोआप सुरू होई, सातला बंद. मग काका गेले. वर्ष होईपर्यंत देवघरातलं काही हलवायचं नाही हा आमच्याकडचा नेम, म्हणून माइकही कुणी बंद केला नाही. भाऊ पूजा आठला उरकतो. दहा महिने माइक रिकाम्या खोलीचा आवाज साठवत राहिला, आणि काकांचा वाटा काठोकाठ भरला.

शनिवारी वहीत पाच मुद्दे लिहून मी धार गाठलं. भाऊ वैतागलेला.

"ताई, मैंने सब करके देख लिया. डिलीट दाबलं की म्हणतं, जागा नाही. मिटवायला कशाला जागा लागते, बताओ!"

लागते. वाटा पूर्ण भरला की मिटवल्याची नोंद करायलाही यंत्राकडे जागा उरत नाही. अशा वेळी एखादी फाइल आधी आतून शून्य करायची. तेवढी फट मिळाली की बाकीच्या मिटतात. शून्य केलेली फाइल मात्र परत येत नाही. म्हणून माझा नियम आहे, आधी उघडून बघायचं.

काका गेल्यानंतरची एक फाइल घेतली आणि हेडफोन लावला. दहा मिनिटं नुसती शांतता. मग काकूंचा आवाज, अगदी जवळून.

"जास्वंद नाही फुलली आज."

शांतता. कुणीतरी दोन वाक्यं बोलावीत एवढी.

"बरं. मोगरा आणते."

दुसरी फाइल उघडली. तिसरी. सगळ्यांत काकू होत्या, आणि मधे तशीच जागा सोडलेली. एकीत त्या हसल्या, कुणी चेष्टा केल्यावर हसावं तशा.

"उडवू का सगळं?" भावाने विचारलं.

"नको. हात लावू नकोस."

मी माझ्या वाट्यातला अर्धा काढून काकांच्या वाट्याला जोडला. दिवा हिरवा झाला. काकू दारातच उभ्या होत्या. दिवा बघून आत गेल्या.

चार मुद्द्यांवर खूण करून मी वही पर्समध्ये ठेवली, पर्स उशाशी. पाचवा मुद्दा होता, 'वर्षश्राद्धानंतर काकांचा वाटा बंद करणे.' तो मी कुणाला सांगितला नव्हता. काकूंना तर चष्मा लावूनही माझं बारीक अक्षर वाचता येत नाही.

सकाळी सहाला जाग आली. भिंतीपलीकडे देवघरात काकू बोलत होत्या. "हो, झाला हिरवा." मग शांतता. "तिनेच केला." पुन्हा शांतता, बरीच लांब. "सांगते."

सातला त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला. पोहे हवेत का, विचारलं. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "तो पाचवा मुद्दा खोडून टाक म्हणतात."

मी वही काढली आणि त्यांच्यासमोरच तो खोडला. भाऊ म्हणाला, "कौनसा मुद्दा?" काकू पोहे भिजवायला आत गेल्या.

देवासहून मला त्या सकाळची फाइल दिसते. बरोबर एक तासाची आहे. न उघडता मी तिची प्रत वेगळी ठेवली आहे, आणि न उघडता ठेवलेली अशी माझ्या बॅकअपमध्ये ती एकच.